तंबोऱ्याच्या साक्षीने : उत्तम सुवाह्य हेडफोन अँप्लिफायर निवडण्याच्या अभ्यासाला प्रस्तावना

उत्तम प्रतीचा हेडफोन अँप्लिफायर कसा निवडावा, हा प्रश्न वरकरणी बाजारहाटाचा वाटतो. खिशात पैसे किती, कंपनी कोणती, वॉट किती, एवढे विचारले की झाले, असा समज असतो. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी तीन प्रश्न दडलेले आहेत. आपण काय ऐकतो? कशातून ऐकतो? आणि जे ऐकले ते खरे, हे कशावरून ठरवतो? हे तीन प्रश्न मनावर घेतले की खरेदीचा अभ्यास होतो. त्यात ध्वनिशास्त्र येते, विजेचे गणित येते, कानाची रचना येते आणि संगीताची जाण तर पदोपदी लागते. या अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्या मराठी वाचकाचे, त्यातही सातारा-सांगलीकडच्या वाचकाचे, मनापासून स्वागत करावे म्हणून ही प्रस्तावना लिहिली आहे.

सातारा-सांगलीचे नाव मुद्दाम घेतले. ही यंत्रे इंग्लंड, जपान, चीन, अमेरिका अशा देशांत बनतात आणि त्यांच्यावरचे बहुतेक लेखन इंग्रजीत होते. ती पारखायची तर पियानो, सिंफनी, जॅझ यांची ध्वनिमुद्रणे वाजवावीत, असा तिकडचा रिवाज आहे. त्यात गैर काही नाही. पण ज्याच्या कानावर लहानपणापासून तंबोरा, हार्मोनियम आणि तबला पडला, त्याने आपली पारख परक्या वाद्यांवर का बेतावी? कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत सूर मोजण्याची आणि सूर ऐकण्याची अशा दोन्ही परंपरा शंभर वर्षांहून जुन्या आहेत. त्यांच्या आधारे हा अभ्यास इथल्या मातीत उभा राहू शकतो, हेच या लेखाचे सांगणे आहे.

वारसा

विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांचा, प्रश्न हाती घेतला. ग्रंथांत वर्णिलेल्या श्रुती प्रत्यक्ष किती कंपनांच्या, त्यांचे परस्परांशी प्रमाण काय, हे तारेच्या मापावरून आणि गवयाच्या गळ्यावरून ताडून पाहायचे, असे त्यांनी ठरवले. ‘द हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांना या विषयाची अशीच ओढ होती. त्यांचे भारतीय संगीताच्या अभ्यासावरचे पुस्तक १९१३ साली लंडनहून प्रसिद्ध झाले. या दोघांच्या पुढाकाराने साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था उभी राहिली. देवलांच्या प्रयोगांना गळ्याचा आधार दिला तो मिरजेशी कायमचे नाव जोडले गेलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी.

क्लेमेंट्स यांनी या मापांवर बेतलेली खास श्रुती-हार्मोनियम बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत तिच्यावरून कडाक्याचे मतभेद झाले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना हे मापन मान्य नव्हते. या वादाचा निकाल कोणाच्या बाजूने लागला, याहून त्यातून दिसलेली गोष्ट आपल्या कामाची आहे. आकडा काढला, तरी तो गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या अनुभवाशी ताडून पाहावा लागतो. आणि कान कितीही तयार असला, तरी त्याचे म्हणणे दुसऱ्याला पटवून द्यायला माप लागते. हेडफोन अँप्लिफायरच्या जगात आज हाच वाद जोरात आहे. एक पक्ष म्हणतो, आलेख पाहा, बाकी सगळे मनाचे खेळ. दुसरा म्हणतो, कान सांगेल ते खरे. देवलांनी तार आणि गळा ही दोन्ही प्रमाणे एका टेबलावर आणली होती. आपणही तेच करायचे आहे.

तंबोरा हेच प्रमाण

दुसरा वारसा सांगली जिल्ह्यातल्या मिरजेचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी मिरजेत तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. पुढच्या पिढ्यांनी तंबोरा आणि सतार यांत असे नाव कमावले की देशभरचे गायक मिरजेची वाट धरू लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतांतला मोठा कडू भोपळा, तुणीचे लाकूड, हाडाची किंवा शिंगाची घोडी आणि कारागिराचा कान, हे या कामाचे भांडवल. २०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले.

जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा झंकार, काढण्याचे काम जवळून पाहावे. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलकी गोलाई असते. कारागीर कानशीने तो किंचित घासतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, तार उतरवतो आणि पुन्हा घासतो. मग तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा धागा सरकवतो. धागा केसभर पुढे-मागे झाला की आवाज उमलतो किंवा मिटतो. तार घोडीला अलगद चाटत कंप पावते आणि मूळ सुरासोबत त्याच्या पटीतले वरचे सूर एकामागून एक झळकू लागतात. साध्या तारेच्या नियमाप्रमाणे, ज्या बिंदूवर एखाद्या वरच्या सुराची गाठ असते तिथे तार छेडली तर तो सूर निघू नये. तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीमुळे हा नियम मोडतो, तो सूरही ऐकू येतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१च्या आपल्या निबंधात दाखवून दिले.

आता याचा अँप्लिफायरशी संबंध पाहू. काळी एक या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९.३ हर्ट्झचा असतो. त्याच्या पाचपट म्हणजे सुमारे ३४६.५ हर्ट्झवर गंधार आपोआप उमटतो. किराणा घराण्याच्या गायकीत ज्या स्वयंभू गंधाराचा एवढा महिमा आहे, तो हाच. हार्मोनियमवरचा, सप्तकाचे बारा समान भाग पाडून लावलेला गंधार त्याच जागी ३४९.२ हर्ट्झ असतो. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे ऐकू येतात. तंबोऱ्याच्या एका छेडीत ६९ हर्ट्झपासून कित्येक हजार हर्ट्झपर्यंतचे सूर, वेगवेगळ्या वेळी उमलणारे आणि वेगवेगळ्या गतीने विरणारे, एकत्र असतात. एखादे यंत्र खालचे सूर दाबत असेल, वरचे चमकवत असेल, आपली खरखर मिसळत असेल किंवा विरत जाणारा शेवट मधेच गिळत असेल, तर तंबोऱ्यात ते लगेच उघडे पडते. याहून कडक आणि याहून घरचा परीक्षक शोधून सापडणार नाही.

कोणत्या यंत्राबद्दल बोलत आहोत

अभ्यासाची हद्द आधी आखून घेऊ. हेडफोनचा इतिहास मोठा आहे. १९१०च्या सुमारास नथॅनिएल बाल्डविन यांनी अमेरिकी नौदलासाठी बनवलेले जोड, १९५८ साली जॉन कॉस यांनी आणलेला स्टिरिओ हेडफोन आणि १९७९ साली सोनीचा वॉकमन, हे त्यातले ठळक टप्पे. पुढे सेन्हायझरच्या एचडी ६०० (१९९७) सारखे हेडफोन हौशी श्रोत्यांपर्यंत गेले आणि ते नीट चालवायला वेगळा अँप्लिफायर हवा, ही गरज रूढ झाली.

आज तीन जाती दिसतात. पहिली खिशातली: फोनला लागणारे बोटभर डोंगल आणि छोटे प्लेअर. तिसरी टेबलावरची: भिंतीच्या विजेवर चालणारी, जागेवरून न हलणारी. या दोहोंच्या मधली, ने-आण करता येणारी म्हणजे सुवाह्य जात आपल्या अभ्यासाचा विषय आहे. ही यंत्रे साधारण एखाद्या पुस्तकाएवढी, वजनाला बहुधा किलोभराच्या आत असतात. आत बॅटरी आणि बहुधा डिजिटल संकेताचे आवाजात रूपांतर करणारा डॅकही असतो. ब्रिटिश कॉर्ड कंपनीचा २०१४चा ह्यूगो या जातीचा नामांकित नमुना. अशी यंत्रे खिशात मावत नाहीत, पण पिशवीतून सहज जातात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ने-आण करता येते याचा अर्थ प्रवास चालू असताना ऐकायचे, असा नाही. साताऱ्याहून पुण्याला निघालेल्या एसटीत एवढा गोंगाट असतो की तंबोऱ्याचे विरणे त्यात बुडून जाते. तिथे बंद कपांचा साधा हेडफोन आणि डोंगल पुरते. सुवाह्य अँपचे चीज होते ते मुक्कामी. सांगलीत शिकणारी आणि सुट्टीत जतला घरी जाणारी विद्यार्थिनी, वाईत राहून आठवड्यातले चार दिवस पुण्यात काम करणारा गृहस्थ, गुरूंच्या घरी ध्वनिमुद्रणे घेऊन जाणारा शागीर्द, अशा माणसांना एकच उत्तम यंत्र दोन्ही ठिकाणी वापरता येते. ज्याचे ऐकणे एकाच खोलीत होते, त्याने तेवढ्याच पैशात टेबलावरचे यंत्र घेतले तर जास्त ताकद पदरात पडते.

आधी हेडफोन, मग अँप

या विद्येतला पहिला नियम असा की अँप एकटा निवडता येत नाही. हेडफोनच्या दोन आकड्यांवर सगळे बेतलेले असते: त्याचा विजेला होणारा विरोध, म्हणजे ओहममधला इम्पिडन्स, आणि दिलेल्या विजेत तो किती मोठा आवाज काढतो ती संवेदनशीलता. संगीतातल्या क्षणिक चढांसाठी ११० डेसिबलपर्यंत जागा हवी असे धरून तीन नमुने पाहू.

पहिला नमुना ३०० ओहमचा, १ मिलिवॉटला ९७ डेसिबल देणारा. याला ११० डेसिबलसाठी सुमारे २० मिलिवॉट लागतात, म्हणजे २.४५ व्होल्ट आणि ८ मिलिअँपिअर. दाब जास्त, प्रवाह कमी. दुसरा नमुना प्लॅनर जातीचा: ६० ओहम, १ मिलिवॉटला फक्त ८३ डेसिबल. याला सुमारे ५०० मिलिवॉट, ५.५ व्होल्ट आणि ९१ मिलिअँपिअर हवेत. तिसरा कानात घालायचा इअरफोन: १६ ओहम, १ मिलिवॉटला ११० डेसिबल. याचे काम १ मिलिवॉटमध्ये, म्हणजे ०.१३ व्होल्टमध्येच संपते.

या तीन ओळींत अर्धे शास्त्र आले. जाहिरातीत ‘२ वॉट’ असे ठळक छापलेले असते, पण ते किती ओहमला हे बारीक अक्षरांत असते. ३२ ओहमला भरपूर ताकद देणारा अँप ३०० ओहमला व्होल्ट कमी पडून थकलेला असू शकतो. उलट, १ व्होल्ट देणाऱ्या साध्या डोंगलवरही पहिला नमुना १०२ डेसिबलपर्यंत जातो. बहुतेक श्रोत्यांना तेवढे पुरते. ज्याच्याकडे असा हेडफोन आहे आणि जो मध्यम आवाजात ऐकतो, त्याने लाखाच्या घरातला अँप घेण्याआधी हे गणित एकदा कागदावर मांडावे. आधी हेडफोनवर खर्च करावा, कारण ऐकू येणाऱ्या आवाजाचा रंग मुख्यतः तोच ठरवतो.

ताकदीनंतरचा दुसरा आकडा अँपच्या स्वतःच्या आउटपुट इम्पिडन्सचा. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, असा संकेत आहे. कारण सोपे आहे. कित्येक इअरफोनचा इम्पिडन्स प्रत्येक सुराला सारखा नसतो. समजा तो एका पट्टीत ५ ओहम आणि दुसऱ्या पट्टीत ५० ओहम आहे. अँपचा आउटपुट इम्पिडन्स १० ओहम असला तर पहिल्या जागी आवाज ९.५ डेसिबलने आणि दुसऱ्या जागी १.६ डेसिबलने घटतो. म्हणजे एकाच गाण्यात दोन जागांमध्ये जवळजवळ ८ डेसिबलचा फरक अँपने स्वतःहून घातला. तंबोऱ्याचा पंचम दबून षड्ज पुढे येणे, किंवा वरचे सूर करकरीत लागणे, असे परिणाम यातून होतात. दोष इअरफोनला दिला जातो, करणी अँपची असते. १ ओहमहून कमी आउटपुट इम्पिडन्स असलेल्या यंत्रात ही चिंता जवळजवळ उरत नाही.

तिसरा आकडा खरखरीचा. वरच्या तिसऱ्या नमुन्यात अँपची स्वतःची खरखर १० मायक्रोव्होल्ट असेल तर कानात ती सुमारे २८ डेसिबल होते. रात्री गाव शांत झाल्यावर ती स्पष्ट ऐकू येते आणि विलंबित आलापातल्या दोन श्वासांमधली शांतता नासवते. खरखर २ मायक्रोव्होल्ट असेल तर १४ डेसिबलवर येते आणि कानाला जाणवत नाही. म्हणून संवेदनशील इअरफोन वापरणाऱ्याने ताकदीपेक्षा शांतता आधी पाहावी. शक्यतो कमी-जास्त गेनचे, म्हणजे संकेत किती पट वाढवायचा ते ठरवणारे, बटण असलेले यंत्र घ्यावे.

बॅटरीचे महत्त्व

सुवाह्य यंत्रात बॅटरी असते ती फिरण्याच्या सोयीसाठी. पण आपल्याकडे तिचा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोठा आहे. घरातली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसले किंवा दोन यंत्रे दोन ठिकाणी अर्थ झालेली असली की ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण आवाजात शिरते. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाच्या सप्तकातला तीव्र मध्यम ९८ हर्ट्झवर आणि पंचम १०४ हर्ट्झवर पडतो. १०० हर्ट्झची गुणगुण या दोहोंच्या मध्ये, कोणत्याही रागात न बसणाऱ्या जागी येऊन बसते. गाणे ऐकताना मन का विटते हे कळत नाही, पण कान त्या बेसुराशी झगडत असतो. बॅटरीवर चालणारे यंत्र भिंतीच्या विजेपासून सुटे असले की हा झगडा संपतो. चार्जिंग चालू ठेवून ऐकले तर गुणगुण परत येऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. परीक्षा दोन्ही अवस्थांत घ्यावी.

बॅटरी कायम टिकत नाही. काही वर्षांनी ती थकतेच. म्हणून ती बदलता येते का, कोणाकडून आणि किती खर्चात, हे घेण्याआधी विचारावे. मिरजेचा उन्हाळा ४० अंशांच्या आसपास जातो. बंद गाडीत ठेवलेल्या लिथियम बॅटरीला ती भट्टीच होते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात अडचण वेगळी: ओलसर हवेत जोडणीची टोके काळवंडतात आणि हेडफोनच्या गाद्यांना बुरशी धरते. तंबोरा गवसणीत ठेवणाऱ्या माणसाला ही काळजी नवी नाही. यंत्रासोबत डब्यात सिलिका जेलची पुडी असावी आणि पावसाळ्यात ते आठवड्यातून एकदा तरी चालवावे.

ऐकण्याची परीक्षा

आकडे जुळले की कानाकडे वळावे. असे अँप ऐकून पाहायला बहुधा पुणे-मुंबई गाठावी लागते. जाताना आपला हेडफोन आणि ओळखीची ध्वनिमुद्रणे सोबत न्यावीत. दुकानातल्या हेडफोनवर झालेली पसंती घरी टिकेल याची खात्री नसते.

दोन अँप्सची तुलना करायची तर दोहोंचा आवाज एकसारखा असलाच पाहिजे. किंचित मोठा आवाज कानाला बहुधा ‘चांगला’ वाटतो, आणि विक्रेत्याने न सांगता एका यंत्राची आवाजाची कळ थोडी पुढे ठेवली तर निवड तिथेच फसते. उपाय स्वस्त आहे. ६० हर्ट्झचा सलग सूर वाजवावा, हेडफोन जोडलेला असतानाच साध्या मल्टिमीटरने व्होल्ट मोजावेत आणि दोन्ही अँप्सवर ते एका टक्क्याच्या आत जुळवावेत. म्हणजे फरक ०.१ डेसिबलहून कमी राहतो. मग शक्य असेल तर कोणते यंत्र वाजते आहे हे दुसऱ्याला गुप्त ठेवायला सांगून ऐकावे. या रीतीने ऐकले की पुष्कळ ‘मोठे’ फरक विरघळतात. जे उरतात त्यांच्यासाठीच पैसे मोजावेत.

पहिली परीक्षा नुसत्या तंबोऱ्याची. गाणे नसलेले, चांगल्या खोलीत घेतलेले तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावावे. शेवटच्या छेडीनंतर खर्ज कुठपर्यंत ऐकू येतो, तिथे खरखर आधी येते की शांतता, हे पाहावे. गंधार सहज सापडतो की शोधावा लागतो, जवारी खुली वाटते की काचेसारखी टोचते, याचीही नोंद करावी. दुसरी परीक्षा डग्ग्याची. घिस्सा देताना आवाज खालून वर सरकतो. तो सलग सरकला पाहिजे आणि थाप थांबली की थांबला पाहिजे. बोजड, रेंगाळणारा डग्गा हे बहुधा हेडफोनचे लक्षण असते. पण अँपचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असला तर तोही त्याला हातभार लावतो.

तिसरी परीक्षा जुन्या तबकड्यांची. अब्दुल करीम खाँ यांची १९३०च्या दशकातली ध्वनिमुद्रणे आज डिजिटल रूपात सहज मिळतात. ती एकवाहिनी, म्हणजे मोनो आहेत. त्यामुळे दोन्ही कानांत नेमके तेच जाते आणि खाँसाहेबांचा आवाज डोक्याच्या मधोमध उभा राहतो. आता कळ हळूहळू कमी करत अगदी तळाशी आणावी. कळीमागे स्वस्त पोटेन्शिओमीटर असेल तर तळाशी दोन बाजूंचे माप जुळत नाही आणि गाता गाता आवाज डाव्या किंवा उजव्या कानाकडे सरकतो. रात्री हलक्या आवाजात ऐकणाऱ्याला हा दोष रोज भोवतो. टप्प्याटप्प्याची कळ किंवा डिजिटल नियंत्रण असलेल्या यंत्रात तो जवळजवळ नसतो. याच तबकड्या आणखी एक धडा देतात. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात वरचे सूर मुळातच मर्यादित आहेत आणि लाखेच्या तबकडीची करकर त्यात आहे. कोणताही अँप त्यात नसलेले सूर परत आणू शकत नाही. प्रामाणिक अँप करकर करकरीच्या जागी ठेवतो आणि आवाज आवाजाच्या जागी. मग थोड्या वेळाने कान आपणच करकर मागे टाकतो.

कान जपणे

उत्तम अँपचा धोका असा की त्याचा आवाज मोठा केला तरी फाटत नाही, त्यामुळे तो किती मोठा झाला हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलची पातळी आठवड्याला ४० तासांपर्यंत चालते, आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबलवर ती अवघ्या ५ तासांवर येते. हरवलेले श्रवण परत येत नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलताना ज्या आवाजात बोलतो, त्याच्या आसपास गाणे ठेवावे आणि तासाभराने कानांना विसावा द्यावा. वयाप्रमाणे वरचे सूर ऐकू येणे कमी होते, हेही मोकळेपणाने स्वीकारावे. पन्नाशीच्या श्रोत्याला १५ हजार हर्ट्झवरच्या बारकाव्यांसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. गायकी, जवारी आणि तालाचे सारे मर्म त्याच्या खूप खाली असते, आणि तिथे जाणत्या वयाचा कान तरुण कानाला मागे टाकतो.

पुढचे काम

या क्षेत्रात मराठीतून करण्यासारखे खूप काही पडून आहे. इंग्रजी समीक्षेत पियानोच्या किंवा व्हायोलिनच्या आवाजावरून यंत्रांचे गुणदोष सांगितलेले सापडतात. तंबोऱ्यावरून सांगितलेले फार क्वचित. ही उणीव भरून काढण्याचे साहित्य याच दोन जिल्ह्यांत आहे. मिरजेतल्या कारागिरांकडचे तंबोरे, स्त्री-पुरुषांच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत, खुल्या आणि बंद जवारीत, एकाच खोलीत आणि एकाच मायक्रोफोनने ध्वनिमुद्रित करावेत. प्रत्येक तंबोऱ्यासोबत त्याची पट्टी, तारा, घोडीचे साहित्य आणि सुरांचे मोजमाप नोंदवावे. अशी पंचवीस-तीस ध्वनिमुद्रणे झाली तर जगाच्या पाठीवर कुठेही बसलेल्या श्रोत्याला आपले यंत्र पारखता येईल. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७पासून अभियंते घडवते आहे. तिथल्यासारख्या प्रयोगशाळांमधली मोजयंत्रे आणि मिरजेचे कारागीर यांच्यामध्ये अंतर आहे ते फक्त काही किलोमीटरचे.

ज्याला हातात सोल्डरिंग आयर्न धरता येते, त्याच्यासाठी आणखी एक वाट आहे. अमेरिकेतल्या चू मॉय यांनी दोन चॅनेलचा ऑप-अँप, थोडे रोध आणि ९ व्होल्टची बॅटरी वापरून गोळ्यांच्या टिनच्या डबीत मावणारा हेडफोन अँप्लिफायर मांडला, आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो बनवला. शाळा-महाविद्यालयातल्या मुलांनी तो बनवून पाहावा. गेन म्हणजे काय, खरखर कुठून येते, बॅटरी उतरली की आवाज कसा फाटतो, हे बनवताना जितके कळते तितके वाचून कळत नाही. ज्याने एकदा स्वतः अँप बनवला, तो महाग अँप घेतानाही योग्य प्रश्न विचारतो.

या वाटेवर नव्याने येणाऱ्याला सुरुवात अशी करता येईल. आधी जवळच्या गायकाकडे, संगीत विद्यालयात किंवा मिरजेच्या कारागिराकडे जाऊन प्रत्यक्ष तंबोरा, शक्यतो समोर बसून, पुरेसा वेळ ऐकावा. यंत्र कशाच्या जवळ आले पाहिजे, हे त्याशिवाय कळणार नाही. मग आपल्याकडच्या हेडफोनचा इम्पिडन्स आणि संवेदनशीलता वहीत लिहून लागणारे व्होल्ट आणि मिलिअँपिअर काढावेत. त्या आकड्यांत बसणारी दोन-तीन यंत्रेच निवडावीत आणि आवाज जुळवून, वर सांगितलेल्या तीन परीक्षांनी ऐकावीत. एवढे केले की शेवटी हातात येणारा अँप स्वस्त असो वा महाग, तो का घेतला हे आपल्याला दुसऱ्याला पटेल अशा शब्दांत आणि आकड्यांत सांगता येईल. या अभ्यासाचे उद्दिष्ट तेवढेच आहे, आणि त्यासाठी लागणारी शिस्त या भागातल्या जाणत्यांनी पूर्वीच घालून दिली आहे.